पोरगी घरी आली

आई, आज तुझ्या नातीनं मला पेचात टाकलं. पंधरा वर्षांची झालीय, हट्टी तुझ्यासारखीच. चार दिवस एका कादंबरीत नाक खुपसून बसली होती. दोघी बहिणी, थोरली आजारी, धाकटी रोज तिला शाळेतल्या गमती लिहून नेते, अशी गोष्ट. आज सकाळी ताटावरून उठली आणि पुस्तक माझ्यापुढं आपटलं. "शेवटची वीस पानं राहिलीत. तू वाच आणि सांग. ती जगत असली तरच मी वाचणार." मी म्हटलं, "अगं, पुस्तकातल्या पोरीसाठी कुणी भात टाकून उठतं का?" म्हटलं खरं, पण ती क्लासला गेल्यावर ओट्याला टेकून मी ती वीस पानं वाचली आणि ढसाढसा रडले. दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी कळलं नाही. पोरगी जाते गं त्यात.

तिथंच तू आठवलीस. तासगावाकडच्या शेडवर हंगामभर तू बेदाणा निवडायला जायचीस. संध्याकाळी तू भाकरी थापायचीस, मी शाळेतून आणलेलं पुस्तक वाचून दाखवायचे, आणि दुसऱ्या दिवशी बेदाण्यातल्या काड्या काढता काढता तू ते शेडवरच्या बायकांना सांगायचीस, असा आपला नेम. मी कंटाळा केला की खेकसायचीस, "आगं ए, वाच की! पन्नास बायका वाट बघत्यात, माझी लाज जाईल." पन्नास कसल्या, पंधरा असतील.

एका हंगामात वाचत होते त्या पुस्तकातली पोरगी दवाखान्यात होती. आपली धाकटी काविळीनं गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू तिचं नाव काढत नव्हतीस, पण या पोरीला ताप किती हाय, खाल्लं काय, हे रोज विचारत होतीस. शेवटचं प्रकरण मी शाळेतच वाचलं होतं. घरी पुस्तक उघडलं, तू तव्यावर भाकरी टाकून माझ्याकडं बघितलंस, आणि माझी जीभच फिरली. पुस्तकात नव्हतं तेच मी वाचत सुटले. पोरीचा ताप उतरला, बापानं तिला एसटीनं घरी आणलं, आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पानं मात्र बरोबर उलटत होते.

"व्हय गं? आली घरी?" म्हणालीस आणि तशीच बसून राहिलीस. भाकरी करपली. तुझ्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकच खाल्ली.

पुढच्या दिवशी तू ओटीतून बेदाणा आणलास. हंगाम सरताना मालकानं वाटलेल्यातली एकेक मूठ सगळ्या बायकांनी माझ्यासाठी काढून दिली होती. "पोरगी घरी आली म्हणून दिलाय. लय रडल्या गं सगळ्याजणी. खा." मला एक दाणा गिळवेना. वाटलं, आता विसरशील. कसली विसरतेस! सांगलीच्या दवाखान्यात शेवटच्या आजारपणातसुद्धा मला विचारलंस, "ती पोरगी आता केवढी झाली असंल? लगीन झालं असंल न्हवं?" मी म्हटलं, "व्हय, दोन पोरं हायत तिला." तू हसलीस. म्हणालीस, "बरं झालं बाई."

आज क्लासहून आल्या आल्या तुझ्या नातीनं विचारलं, "जगली?" तीच एसटी, तोच भाकरतुकडा माझ्या तोंडाशी आला होता. पण हिला वाचता येतं; उद्या उघडून बघेल आणि माझं काहीच खरं मानायची नाही. सांगून टाकलं, "जाते गं." तशी ओरडली, "खोटं तरी सांगायचंस!" आणि दार आपटून घेतलं. तासाभरानं डोळे सुजवून बाहेर आली. उरलेली पानं वाचून झाली होती. माझ्या शेजारी बसून सकाळचाच गार भात खाल्ला आणि म्हणाली, "धाकटी अजून लिहिते, आई. बहीण नाही, तरी रोज लिहिते."

म्हणून मी लिहायला बसले. आई, ती पोरगी घरी आली नव्हती. दवाखान्यातच गेली. मी तुला खोटं वाचून दाखवलं, आणि दोन पोरंही माझ्याच मनची. तुला वाचता येत नव्हतं, याचं मला जन्मभर वाईट वाटत आलं. आज या कागदाची घडी घालताना पहिल्यांदाच बरं वाटतंय.