वेष्टी कोण नेसवतं

तीर्थस्वरूप अक्कास,
वरुणरावाचा नमस्कार.

भत्त्याचं काय झालं, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी विषय बदलला. पक्षाघाताने माझा उजवा हात गेला, तरी अपंग भत्त्याचा अर्ज नामंजूर झाला. तपासणीला मी सणाचं धोतर, ती जरीकाठी वेष्टी, नेसून ताठ उभा राहिलो. अधिकाऱ्यापुढे तसंच जायचं, ही आपल्या घरची रीत. डॉक्टरांनी विचारलं, "वेष्टी स्वतः नेसता?" मी म्हणालो, "अर्थात!" त्यांनी तेच लिहिलं.

खरं तर रोज तुझी भावजय कमलाक्षी नेसवते. सदऱ्याची बटणंही तीच लावते.

सोमवारी अपिलाची मुदत संपते. त्यात हे मी स्वतः लिहून सही करायला हवी. कमलाक्षी म्हणते, "खोटं तेवढं ठणकावून बोललात, खरं सांगतानाच घसा का बसतो?" डाव्या हाताने चार मसुदे केले. तमिळ निर्दोष, ओळी सरळ. पण चारही वेळा 'पत्नी क्वचित मदत करते' एवढंच उतरलं.

इथे मात्र सगळं लिहिता आलं. आपण घरी मराठी बोलतो, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. देवनागरी मी एकट्याने, पुस्तकावरून शिकलो; घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. तुलाही नाही, अक्का.

तुझा धाकटा,
वरुण