शेवटच्या शर्यतीचे वीस पॉइंट

आखाडा बाळापूर
३१ मे २०२४

आदरणीय बाबांस,
धम्मदीपचा सप्रेम जय भीम.

आत्याच्या घरी मी खुशाल आहे. तुमची आणि आईची तब्येत बरी असंल असं धरून चालतो. इथं ऊन फार आहे आणि लाइट दुपारभर नसते. आत्या रोज विचारते, "माझ्या भावानं असं काय केलं रे, की पोरगं घर सोडून आलं?" मी म्हणतो, काही नाही, बाळापूरला काम होतं. तिला ते पटत नाही. भाकरी वाढते आणि माझ्या तोंडाकडं बघत बसते.

तुमचे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तुमी आवाज चढवता, मग मी चढवतो, आणि मधी आई रडते. म्हणून लिहून राहिलो. कागदावर कोणी मधीच "गप बस" म्हणत नाही.

शर्यतींचा चषक तुमी गॅरेजच्या काउंटरवर मांडलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून राहिलात, हे तुमच्या हाताखालच्या किसनसिंगनं फोनवर सांगितलं. सांगताना हसत होता. बाबा, लोक तुमचा चहा पितात आणि बाहेर पडल्यावर काय बोलतात ठाऊक आहे का? "अमृतरावानं पोराला चषक गॅरेजातच बनवून दिला." अस्सा राग आला मला! पण किसनसिंगवर काढून काय उपयोग? त्यानं नुसतं ऐकलेलं सांगितलं.

आता सरळ विचारतो. काहून बदलला नियम?

सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी मागं हटतं आणि जमीन उघडी पडते, तिथं आपण मोटरसायकलच्या शर्यती घेतो. ह्या उन्हाळ्यातल्या चार झाल्या होत्या, एकच उरली होती. पहिल्याला दहा पॉइंट, दुसऱ्याला आठ, मग सहा, पाच, चार, आणि त्याच्या मागं जो कोणी रेषा पार करंल त्याला एक. हा नियम तुमीच घातला, पहिल्या साली. रूपसिंगची गाडी अर्ध्यात बंद पडली होती आणि तो तांड्यातल्या पोरांच्या हसण्याला न जुमानता गाडी ढकलत ढकलत रेषेपर्यंत आला होता. सगळे दात काढत होते. तुमी माइक हातात घेतला आणि म्हणालात, "ह्यो गडी रेषेवर आलाय, ह्याला एक पॉइंट द्या." पुढच्या साली गाड्या उभ्या करायला जागा पुरली नाही. मी लहान होतो, पण त्या दिवशी शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ते माइकवाले माझे बाबा आहेत.

ह्या साली मी दोनदा पहिला आलो आणि दोनदा मातीत लोळलो. त्यातल्या एकदा गाडी ढकलत आणली, तो तुमच्या नियमाचा एक पॉइंट मलाबी मिळाला. शीतल एकदाही पहिली आली नाही. दोनदा दुसरी, दोनदा तिसरी. पण पडली नाही, गाडी बंद पडू दिली नाही, कोणाच्या अंगावर घातली नाही. माझ्यापेक्षा सात पॉइंटांनी पुढं होती. तिला क्लच सोडायला कोणी शिकवलं? तुमीच. "आधी गाडी रेषेपर्यंत आण, जिंकायचं मग बघू," हे कोणी सांगितलं? तेबी तुमीच. तिनं तुमचं ऐकलं, मी ऐकलं नाही. आणि फळ कोणाला? मला!

शेवटच्या शर्यतीच्या आधी फलक लागला, 'पहिल्या क्रमांकास वीस पॉइंट, समितीचा निर्णय.' मला वाटलं, बाकीच्यांनी काही डोकं चालवलं असंल. तुमी म्हणालात, "माणसं शेवटपर्यंत थांबली पाहिजेत, शर्यत रंगली पाहिजे." रंगली ना! झेंडा पडल्या पडल्या पहिल्याच वळणावर सगळे आंधळ्यासारखे आत घुसले. जळबासारखा शांत माणूस, कधी कोणाला धक्का न लावणारा, त्यानं आतून गाडी घातली आणि उताणा पडला. गळ्याचं हाड मोडलं त्याचं. त्याचा पेरणीचा टाइम आलाय, औत कोण धरणार? आणि रूपसिंगची गाडी परत बंद पडली. मी पहिला रेषा पार करून त्याच्याकडं परत गेलो आणि म्हणलं, ढकल की. तो उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन बसला. म्हणाला, "काहून ढकलू? वीसच्या बाजारात एकाला कोण इचारतं?" तुमी केलेला नियम तुमीच मोडून टाकला, बाबा. त्याच रूपसिंगनं मला सांगितलं की ठराव समितीनं नाही, तुमी एकट्यानं मांडला आणि बाकीच्यांनी तुमचा मान राखला.

हेच जानेवारीत, पहिल्या शर्यतीच्या आधी, केलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. वीस द्या, पन्नास द्या, सगळ्यांनी तसा सराव केला असता. शीतलनंबी पहिलं यायचा जोर लावला असता. चार शर्यती एका नियमानं घ्यायच्या आणि पाचवीला, कोण कुठं उभं आहे ते बघून, नियम फिरवायचा? ह्याला शर्यत म्हणत नाहीत.

मी जेवताना कुरकुर केली होती, मान्य. "दोनदा जिंकलो तरी ती शीतल पुढंच," असं आईपाशी बोललो होतो. तुमी हात धुवत ऐकत होतात. अहो, लेकराला भूक लागली तर दुसऱ्याच्या ताटातली भाकर उचलून देत्यात का?

शर्यत संपल्यावर शीतल माझ्याकडं आली. सगळ्यांसमोर हात मिळवला. आणि हळूच म्हणाली, "पुढल्या साली नियम काय राहील ते काकांना आधी इचारून ठेव धम्मा. म्हंजी सराव कशाचा करायचा ते मला कळंल." रडली असती, शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्याच्यानंतर आजपर्यंत तिनं माझा एक मेसेज वाचला नाही.

तुमाला सांगितलं नाही, पण बाळापूरला निघायच्या आधी मी चषक पिशवीत घालून तिच्या घरी गेलो होतो. तिनं दारातच बघितला. हात लावला नाही. म्हणाली, "तू दिला तर ते दान झालं. मला दान न्हाई पायजे. ज्यानं घेतला त्यानं आणून द्यावा." मग मी गुपचूप परत आणून ठेवला आणि तुमी त्याला सकाळी फडक्यानं पुसत होतात. तेवढं माझ्याच्यानं बघवलं नाही, म्हणून निघून आलो.

ही गोष्ट मी आतापर्यंत टाळून राहिलो होतो, आता लिहितो. जुन्या नियमानं मी हरलोच असतो. मी पहिला आलो आणि ती दुसरी, तरी ती पाच पॉइंटांनी पुढं राहिली असती. ती पाचव्याच्याही मागं गेली असती तरच माझा नंबर लागला असता, आणि ती तशी कधीच गेली नाही. मी हरलो असतो, रात्रभर तळमळलो असतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात न पडता गाडी चालवायला शिकून आलो असतो. मला शीतलला हरवायचं होतं, बाबा. लई मनापासून हरवायचं होतं. तुमी तिला हरवलं. माझ्या वाटणीचं काहीच ठेवलं नाही. तुमाला माझ्यावर एवढाबी भरवसा नव्हता का?

तुमी माझ्यासाठी केलं, हे मला कळतं. म्हणून तर जास्त राग येऊन राहिलाय. दुसऱ्या कोणी केलं असतं तर गॅरेजसमोर उभं राहून भांडलो असतो, आणि तुमी माझ्या बाजूनं उभे राहिला असता.

आता तुमी एक काम करा. तो चषक काउंटरवरून उचला आणि स्वतः तिच्या घरी जा. किसनसिंगला पाठवू नका. ती काय बोलंल ते ऐकून घ्या, आवाज चढवू नका. जाताना वाटेत जळबालाबी भेटून या. मग समितीला बोलवा आणि जुन्या नियमाचे पॉइंट माइकवर वाचून दाखवा, तसेच, जसे रूपसिंगसाठी बोलला होतात. त्या दिवशी मी गर्दीत उभा असंल.

आईला सांगा, आत्यानं लोणचं भरून ठेवलंय, येताना आणतो. यायचं कधी ते तुमच्यावर आहे.

तुमचाच,
दुसरा आलेला मुलगा,
धम्मदीप