आठ धपाटे, चार माणसं

सेलू, मंगळवार

चि. सौ. मैथिली हिला सासूबाईंचे अनेक आशीर्वाद. (दोन वर्षांचे साठलेत, म्हणून अनेक.) इकडे आम्ही दोघं ठीक. यांचा गुडघा रोज पाऊस सांगतो, पाऊस मात्र गुडघ्याचं ऐकत नाही. श्रीरामला तुमच्या तब्येतीचं विचारलं की तो सगळ्यालाच 'मस्त' म्हणतो, म्हणून तुलाच विचारते, मान कशी आहे तुझी? फोनवर मला नको ते आधी सुचतं, त्यामुळे पत्र लिहितेय.

तर मी जावा शिकतेय, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. (भजनी मंडळात सांगितलंय की वीजबिल भरायला शिकते. तूही तेच सांग.) जिनिंग मिलमागच्या गल्लीत अर्पिताचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. या अर्पिताला मी दुसरीत पाढे शिकवले. आता ती मला एक ते दहा छापायला शिकवते. पहिल्याच दिवशी कळलं की इथे आकडा ठेवायचा तर आधी डबा ठरवावा लागतो, आणि 'इंट' नावाच्या डब्यात अपूर्णांक मावत नाही. पाचाला दोनने भागलं तर उत्तर आलं दोन. चौतीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, या चुकीसाठी पोरांचे कान धरलेत. अर्पिताला विचारलं, वरचा अर्धा कुठे गेला? म्हणाली, टाकून दिला. टाकला म्हणजे नेमका कुठे? मला काही चैन पडेना. घरी येऊन पाच धपाटे केले, यांना दोन वाढले, मी दोन घेतले आणि पाचवा मध्ये ठेवून विचार करत बसले. (विचार मी करत होते. यांनी तो खाऊन टाकला.) तुझ्या ऑफिसात हे सगळे अर्धे कुठे जातात गं?

मग आले लूप, म्हणजे एकच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं. 'नमस्कार' दहा वेळा छापायचा होता. मी सगळं लिहिलं, फक्त प्रत्येक वेळी आकडा एकाने वाढवायची ओळ राहिली. नमस्कार सुरू झाले ते थांबेचनात. मी आपली हात बांधून उभी, कारण पाढा म्हणणाऱ्या पोराला मध्येच तोडायचं नाही हे नोकरीभर पाळलेलं. म्हटलं, होऊ दे त्याचं म्हणून. अर्पिता चहा घेऊन आली तोवर कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला होता. "बाई, तुमचा आकडा वाढंनाच," ती म्हणाली. "कवाचा एकावरच उभा हाय." एवढं बोलून तिने बटण दाबलं. मला मात्र त्या नमस्कारांचं वाईट वाटलं.

परवा श्रीरामचा जुना लॅपटॉप घेऊन घरीच बसले. प्रोग्रॅम चालेना. चूक दिसेना, पण आता सापडते, आत्ता सापडते असं वाटत राहिलं. यांनी जेवायला हाक मारली, मी म्हटलं, दोन मिनिटं. पुन्हा हाक, पुन्हा दोन मिनिटं. शेवटी दारात येऊन उभे राहिले. "दीड तास झाला बोलवायलोय. भाकर गार झाली." मी मान वर करायला गेले तर ती वळेना. राहिला होता फक्त एक अर्धविराम.

तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचं महालक्ष्म्यांचं जेवण आठवलं. तू आतल्या खोलीत लॅपटॉपवर होतीस. मी तीन हाका मारल्या, तिन्ही वेळा तू 'दोन मिनिटं' म्हणालीस, आणि मी भरल्या पंक्तीत म्हणाले, "आमच्या सूनबाईला बसून राहायचा पगार मिळतो." बायका हसल्या. तू लॅपटॉप मिटून बाहेर आलीस, वाढायला लागलीस आणि त्यानंतर सेलूला आली नाहीस. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की तू काम चुकवतेस. चुकलं माझं, मैथिली. चारचौघींत बोलले, तर माफीही चारचौघींत मागेन.

बाकी सर्व क्षेम. श्रीरामला आशीर्वाद.

तुझी आई,
विमल

ता. क. खरं काम राहिलंच. अर्पिताने दिलेला सातवा अभ्यास सुटत नाही. 'जर-नाहीतर' वापरून घरातलं काहीतरी लिहायचं होतं. मी लिहिलं: मैथिली दिवाळीला येणार असेल तर अनारसे दुप्पट, नाहीतर यांच्यापुरते. 'येणार' याला बूलियनचा डबा दिला. दोन वर्षं तू फोनवर 'बघू' म्हणतेस, म्हणून त्यात 'बघू' भरलं, तर मशीन घेईना. अर्पिता म्हणते, यात हो किंवा नाही एवढंच बसतं. रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. तेव्हा काय भरू ते कळव. नाही असेल तरी कळव. लॅपटॉप घेऊनच ये. आतल्या खोलीत टेबल टाकलंय. हाका मारणार नाही, ताट तिथेच आणून ठेवीन.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी आठ धपाटे चार माणसांत वाटून पाहिले, मशीनवरच. प्रत्येकी दोन आले, टाकून काहीच द्यावं लागलं नाही. हा प्रोग्रॅम मात्र पहिल्याच वेळी चालला.