काळं कोणी उतरवायचं

लिमा, रविवार

लाडक्या एर्मेलिंदा,

तुला तुझ्या थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, गुडघ्यांचं सोड. तुझा खोकला कसा आहे? मका भरला का?

आमच्या लग्नाची पन्नाशी चिरंजीवांनी भाड्याच्या हॉलमध्ये उरकली. माइकवरच्या भाडोत्री गृहस्थाच्या कवितेला धड यमकही नव्हतं. आपल्या गुरुजींनी त्याचा कान पिळला असता.

सूनबाईंनी एउलालियासाठी सोनेरी झगा आणलेला. म्हणते कशी, "आई, फोटोपुरतं तरी काळं काढा हो! फ्लोराताईंना जाऊन किती दिवस झाले!"

पोटची लेक गेली, आणि हिला फोटोची पडली आहे!

एउलालिया म्हणाली, "हे आपल्या हातानं काढायचं नसतं, पोरी. वर्ष सरलं की माझी नणंद येऊन उतरवेल. तुमच्या लिमात दुखवटा बटणं सोडली की निघतो वाटतं?"

फोटो काळ्यातच निघाला. सूनबाईंचं तोंड त्याहून काळं.

फ्लोराच्या वर्षाच्या प्रार्थनेला नक्की ये. एउलालियाचं काळं हळू उतरव, ती बाही मुठीत धरून झोपते. माझ्या दंडावरची काळी फीत मात्र विसरल्यासारखं कर.

आपल्या गावच्या डोंगराकडे तोंड करून बसलेला,
तुझा सेनोबियोदादा