दोनशे त्रेचाळीस पानांचे भाऊजी

प्रिय अक्का,

डावा गुडघा परवानगी देईल तितकं वाकून तुला नमस्कार. (उजवा पूर्ण वाकतो, पण तो एकटा वाकून काय करणार?) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तू थेंब वेळेवर घालत असशील, असं धरून चालतो. तुझं मागचं पत्र पोचलं. त्यात दोनच ओळी होत्या: मी बरी आहे, तू कसा आहेस. मी त्या तीनदा वाचल्या, मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली. आता माझं पत्र लांबलं तर रागावू नकोस. गेले पाच महिने मी दुसरं काही न करता शब्द कापतोय, आणि कापलेले शब्द शेवटी कुठेतरी जाणारच.

तुला कळवायचं राहून गेलं की मी एक कादंबरी लिहिली आहे. हस आधी, मग पुढे वाच.

झालं असं की चौतीस वर्षं मी दुकानांतले काटे आणि वजनं तपासली. मी दुकानात शिरलो की आतल्या गप्पा बंद पडायच्या. मालक, नोकर, गिऱ्हाईक, सगळे माझ्या हाताकडे बघत उभे. अशा बंद पडलेल्या गप्पा मी जितक्या ऐकल्या तितक्या चालू असलेल्या ऐकल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपण बोलावं. बोलायला समोर कोणी नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. दोन वर्षांत सहाशे चौदा पानं झाली. शेवटच्या पानावर 'समाप्त' असं लिहून त्याखाली वेलबुट्टी काढली. (वेलबुट्टीत एक अख्खी दुपार गेली. कादंबरीतला सगळ्यात सफाईदार भाग तोच आहे, हे मला पुढे कळायचं होतं.)

आमच्या वाचनालयात एक ग्रंथपाल बाई आहेत. त्या माणसाकडे अशा बघतात की परत करायची तारीख उलटून गेलेलं पुस्तक आपणच आहोत असं वाटावं. पण वाचन दांडगं. मी गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोरीसुद्धा सोडली नाही. कितवा खर्डा, एवढंच विचारलं. मी म्हटलं, कितवा म्हणजे? त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पहिला. न्या घरी. महिनाभर याच्याकडे बघू नका. मग कुणा परक्या माणसानं लिहिलंय असं समजून वाचा." अक्का, घर दोन खोल्यांचं आणि माणूस एक. माझ्यापासून लपवून ठेवायला मी जागा कुठून आणू? शेवटी गठ्ठा ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे दिली. त्यांची बहुतेक रात्रपाळी असते, दिवसा घरी असतात. महिन्याभरानं परत द्या, मी कितीही मागितली तरी देऊ नका, असं बजावलं. त्यांनी कारण विचारलं नाही. दवाखान्यात माणसं याहून विचित्र काही सांगत असणार.

नवव्या दिवशी मी किल्ली मागायला गेलो. ट्रंकेत लोकरीची टोपी राहिली आहे, म्हटलं. बाहेर असं ऊन की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसावा. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि किल्ली दिली. पण टोपी निघाली का बघायला स्वतः खाली आल्या. सुदैवानं टोपी खरंच ट्रंकेत होती. मी ती घातली. त्या समाधानानं किल्ली घेऊन गेल्या आणि पुढचे आठ दिवस मला जिन्यात दिसल्या की 'टोपी नाही घातली आज?' असं काळजीनं विचारत राहिल्या.

महिना झाला. वाचायला बसलो. अक्का, तो परका माणूस फार वाईट लिहितो गं. 'अचानक' हा शब्द मी एकशे त्रेसष्ट वेळा वापरलाय. पहिल्याच पानावर 'अचानक सकाळ झाली' असं आहे. नायक नव्वदाव्या पानापर्यंत सत्तावीस कप चहा पितो आणि एकदाही मोरीकडे जात नाही. नायिकेचे डोळे चाळिसाव्या पानावर काळेभोर, दोनशे बाराव्या पानावर घारे. (मधे काही आजारपण झालं असेल म्हणून मागे-पुढे शोधलं. नव्हतं.) नायकाचा काका एकशे अठराव्या पानावर वारतो, सगळे रडतात, मीही लिहिताना रडलो होतो. तोच काका तीनशे एकाव्या पानावर एका लग्नात दुसऱ्यांदा वाढून घेतो. कुणाला काहीच वाटत नाही, नायक तर त्याला पाणी देतो. शिवाय तराजू कसा तपासावा यावर अकरा पानं, तीही प्रेमप्रसंगाच्या मधोमध.

लाल पेन्सिल घेऊन मी कामाला लागलो. पहिले आठ दिवस एक शब्द खोडला की लगेच रबर घेऊन खोडलेलं पुसायचो. मग हात मोकळा झाला. एकशे एकसष्ट 'अचानक' गेले, दोन ठेवले. काकाला एकदाच मारलं. तराजू गेला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आता मोठ्यानं वाचा, प्रत्येक पात्राचं बोलणं त्याच्या त्याच्या आवाजात. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण करा. आणि इथूनच सगळा घोटाळा झाला.

या कादंबरीत एक भाऊजी आहेत. नायकाच्या बहिणीचे यजमान. आधी स्वतः खो खो हसायचं आणि हसून होईपर्यंत विनोदच विसरायचा, अशी त्यांची सवय. रेडिओ दुरुस्त करतात आणि दर वेळी एक स्क्रू उरतो. तो खिडकीतून बाहेर टाकत म्हणतात, "कंपनीनं उगाच घातला होता." कुणाचे भाऊजी ते तुला सांगायला नको. मी त्यांना कादंबरीत मुद्दाम बोलावलं नव्हतं. एकोणिसाव्या पानावर दार वाजलं आणि ते आत आले. मग मी काही त्यांना जा म्हटलं नाही.

तर रोज दुपारी मी खोलीत बसून भाऊजींच्या आवाजात मोठ्यानं बोलायचो आणि त्यांच्यासारखं हसायचो. सुरुवातीला जमेना. मग एके दिवशी नेमकं जमलं, इतकं की मी वाचणं थांबवून दाराकडे पाहिलं. संध्याकाळी नर्सबाई जिन्यात भेटल्या. "पाहुणे आलेत वाटतं? फार मोठ्यानं हसतात हो ते." झोपमोड झाली असेल म्हणून मी माफी मागायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "छे छे. बरं वाटतं ऐकायला. इतकी वर्षं तुमच्या खोलीतून फक्त कुकरच ऐकू येतो." आता एवढं ऐकल्यावर, नाही हो, मीच एकटा हसतोय, असं कोण सांगेल? मी म्हटलं, भाऊजी आलेत माझे. आणि तोंडातून ते निघालं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

खोटं एकदा घरात शिरलं की त्याला जेवायलाही लागतं. दुसऱ्या दिवशी खालच्या वॉचमननं वही पुढे केली: पाहुणे दोन दिवसांहून जास्त राहणार असतील तर नोंद हवी. मी भाऊजींचं नाव लिहिलं. कुठून आले, तिथे तुझं गाव लिहिलं. कधी जाणार, तो रकाना रिकामा सोडला. तिसऱ्या दिवसापासून नर्सबाई दोघांचा डबा द्यायला लागल्या. अन्न टाकायचं कसं? मी दोघांचं जेवायला लागलो. आठवड्यात पोट बिघडलं, तर त्यासाठी गोळ्या द्यायला पुन्हा त्याच आल्या, आणि पाहुण्यांनाही एक देऊन ठेवा म्हणाल्या.

असे तीन आठवडे गेले. निवृत्तीनंतरचे माझे हे सगळ्यात सुखाचे तीन आठवडे, हे तुला लिहायला लाज वाटते.

मग खुणा केलेली पानं घेऊन मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी चार दिवसांत सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "हे भाऊजी गोड आहेत, पण गोष्टीत काही करत नाहीत. त्यांच्यामुळे काही घडत नाही, काही बिघडत नाही. नुसते येऊन बसतात. काढून बघा." मी म्हटलं, बाई, ते तसेच होते. त्या म्हणाल्या, "असतील. पण मी तुमच्या घरी आलेली नाही, मी कादंबरी वाचतेय." मी पानं गोळा केली. तपासनीस म्हणून मीही चौतीस वर्षं अशीच उत्तरं देत होतो.

घरी येऊन काढले. दोनशे त्रेचाळीस पानं. चार दिवस लागले. उरली जेमतेम साडेतीनशे, आणि अक्का, त्यांची गोष्ट सरळ चालायला लागली, कुठे अडत नाही, लंगडत नाही. मी ती मोठ्यानं वाचली. नायक बोलतो, कुणी उत्तर देत नाही, तो पुढच्या प्रसंगात जातो. दोन दिवसांनी नर्सबाई डबा घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "पाहुण्यांचा आवाज नाही. गेले का?"

"हो," मी म्हटलं.

"कधी?"

"चार वर्षं झाली," मी म्हटलं. शपथ सांगतो, असं बोलायचं ठरवलं नव्हतं.

त्यांनी खाली उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. दाराशी चपलांचा कायम एकच जोड." मी विचारलं, मग डबा दोघांचा का देत होतात? त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघांचं बोलत होतात. भूक लागत असेल." आणि डबा माझ्या हातात देऊन वर निघून गेल्या. तो एकाचाच होता. मला जेवण गेलं नाही.

ते असो. सांगायचं एवढंच की मी आता स्वतःचं लिखाण तपासायला शिकलो आहे. नको ते ओळखता येतं, ओळखलं की काढता येतं, काढल्यावर मागे वळून बघायचं नाही. ग्रंथपाल बाईंनाही नवा खर्डा पसंत आहे. तू माझी काळजी करू नकोस. डोळ्याला जप, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ग्रंथपाल बाईंना खर्डा तितकासा पसंत नाही. त्या म्हणाल्या, आता नीट झालंय, पण हा माणूस इतका गप्प का? मग स्वतःच म्हणाल्या, त्या भाऊजींना थोडं परत आणा, वीस-पंचवीस पानं, जास्त नको. अक्का, मी पंधरा दिवस ती दोनशे त्रेचाळीस पानं पसरून बसलोय. त्यातलं खरं घडलेलं कोणतं आणि मी घातलेलं कोणतं, हेच मला आता सांगता येत नाही. ते 'कंपनीनं उगाच घातला होता' असं खरंच म्हणायचे, की ते माझं आहे? हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे. मी वाचतो, तू ऐक. चुकलं तिथे 'हे असं नव्हतं' एवढंच म्हण. बाकी बोलायचं नसेल तर नको बोलूस.

दुसरा ता. क. भाऊजी गेल्यावर मी तुझ्याकडे दोनच दिवस राहिलो आणि तपासणी आहे सांगून निघालो. तपासणी नव्हती. नंतर तू दर वेळी ये म्हणालीस आणि मी दर वेळी कामं आहेत म्हणालो. त्यातली अडीच वर्षं तर मी निवृत्त होतो. त्यांच्याशिवाय तुझ्या घरात शिरायचं धाडस होत नव्हतं. तुला मात्र तिथेच राहायचं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

तिसरा ता. क. वाचून दाखवायला यायचं धाडस अजून होईना, म्हणून पानं पार्सलनं पाठवायला पोस्टात गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, आत किमती काही आहे का? मी म्हटलं, नाही, नुसते कागद. तो म्हणाला, मग गहाळ झालं तर हरकत नाही ना? मी गठ्ठा उचलून बाहेर आलो. त्या गडबडीत हे पत्रही टाकायचं राहिलं. तेव्हा दोन्ही मीच घेऊन आलोय. हे पत्र तुझ्या हातात देऊन मी बाहेर पायरीवर बसतो. तू सावकाश वाच.