बाळाची वाकळ

कोल्हापूर, १२ ऑगस्ट १९९८

अव्वा, तुझ्या पाया पडून पवित्राचं शरणु शरणार्थी.

बाळ अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत हाय. नळीनं दूध घेतंय, तू काळजी करू नकोस.

मला आत थांबू देत न्हाईत. म्हणून व्हरांड्यात बसून जुन्या साड्या फाडते, पट्टीला पट्टी जोडते आणि थरावर थर घालून वाकळ शिवते. सिस्टर म्हणाली, "एवढी मोठी कशाला? बाळ ओंजळीएवढं हाय." मी म्हटलं, "वाढंल की."

काल शेजारच्या पेटीतलं बाळ गेलं. तवापासनं हात थांबवायचं भ्या वाटतंय. कापड संपलं, तर आज अंगावरच्या साडीचा पदर फाडला.

अप्पांचा गुडघा कसा हाय?

तुझी जुनी लुगडी घेऊन ये. लुगडी नसली तरी ये, अव्वा.

तुझी लेक,
पवित्रा