दुसऱ्या कडव्यापाशी

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या आईचा बॅगपाइप शाळेच्या बँडला हवा आहे, घरात नुसता पडून आहे, तर महिनाअखेरीला येऊन घेऊन जाते, असं तू लिहिलंस. फोनवर मी नुसतं 'बघू' म्हणालो. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तुला पाचवीपासून ठाऊक आहे, त्यामुळे तू फोन आपटलास ते बरोबरच. पण तुझ्या पत्रात एक दुरुस्ती करायला हवी. तो पडून नाही. गेले चौदा महिने मी तो वाजवतो आहे.

हसायचं तेवढं हसून घे. खालची शिंपीणबाईसुद्धा कित्येक महिने मला जिन्यात गाठून विचारायची, "काका, म्हशीची तब्येत कशी आहे आज?"

आईला शिकवणारे बँडमास्तर आठवतात का? तू त्यांना गालफुगे काका म्हणायचीस. आई गेल्यावर दहा महिन्यांनी ते भेटायला आले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनींच्या वाद्यात कुणी फुंकतं का अधूनमधून? नाहीतर पिशवी मरेल हो." मला ते शब्द लागले. तोवर मी वाद्याचं कपाट उघडलंच नव्हतं. मी म्हटलं, मला शिकवाल का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेत. आता स्वतःचा दम तपासा."

सुरुवातीला पिशवीला हातच लावू दिला नाही. नुसती सरावाची नळी दिली, बासरीएवढी. बोटं बसेपर्यंत त्याच त्या नऊ सुरांवर वर-खाली. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, एकही दिवस चुकवला नाही. तपासणीची जुनी वही होती, तिच्यात रोज नोंद करतो. 'डावी अनामिका उशिरा उचलते.' 'डावी अनामिका उशिरा उचलते.' असं ओळीनं एकोणीस दिवस आहे. विसाव्या दिवशी 'अनामिका ठीक' असं लिहिलं आणि स्वतःलाच चहा केला.

सहाव्या महिन्यात पिशवी मिळाली. तेव्हा मी जी चूक केली ती मास्तर अजून सगळ्यांना सांगत फिरतात. वाजवून झालं की मी पिशवी पुसून, गच्चीत उन्हात टांगून खडखडीत वाळवायचो. नोकरीत वजनं तशीच ठेवायची असतात, ओल लागली तर माप बिघडतं. महिनाभरात अशी वेळ आली की कितीही फुंका, पिशवी फुगेचना. मला वाटलं, माझी छातीच गेली. डॉक्टरकडे जाऊन तपासून आलो, तर छाती उत्तम! मग पिशवी मास्तरांना दाखवली. ते खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. "अहो, हे कातडं आहे, लोखंडी माप नव्हे! ते माणसाच्या श्वासाच्या ओलीवर जगतं. रोज फुंका आणि सावलीत ठेवा, एवढंच त्याचं पथ्य." त्यांनी आतून मलम लावून पिशवी पुन्हा मऊ केली. आता ती हवा छान धरते.

मग आईचं गाणं शिकायला घेतलं. तेच, तू आंघोळीला उशीर करत असलीस की दाराबाहेरून गुणगुणायची ते. पहिलं कडवं दोन महिन्यांत बसलं. दुसऱ्या कडव्यात सूर वर चढतो, तिथे मी रोज अडकायचो. घसा बसल्यासारखा आवाज व्हायचा आणि खांद्यावरच्या, एकच सूर धरून ठेवणाऱ्या तिन्ही नळ्या एकामागून एक बंद पडायच्या. मी बोटांना दोष देत होतो. मास्तर म्हणाले, "बोट चुकलं तर सूर चुकतो. नळ्या अशा बंद पडतात त्या दम संपला म्हणून. दोन्हींचा आवाज निराळा असतो, नीट ऐका."

ठमे, मी नीट ऐकलं, आणि तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला.

आई मागच्या खोलीत वाजवायची आणि मी पुढच्या खोलीत पेपर वाचायचो. "दार लावून घे गं," असं मी रोज म्हणायचो. ती रोज लावून घ्यायची, कधी कुरकुर केली नाही. तिच्या शेवटच्या वर्षी, आजार कळायच्या आधी, महिना-दीड महिना त्या बंद दारामागून हाच आवाज यायचा. रोज दुसऱ्या कडव्यापाशी, त्याच जागी. वीस वर्षं वाजवलेलं गाणं, त्यात तिची बोटं कशी चुकतील? पण मी पान उलटायचो. मग एक दिवस तिनं वाजवणंच सोडलं. तू फोनवर विचारलं होतंस, "आई हल्ली वाजवत नाही का?" आणि मी म्हणालो होतो, "कंटाळली असेल." डॉक्टरकडे गेलो ते त्यानंतर चार महिन्यांनी.

ती कंटाळली नव्हती. तिचा दम संपत होता. तेव्हा गेलो असतो तर काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना नंतर विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाले. मला एवढंच सांगता येतं, की घर शांत झालं म्हणून त्या दिवसांत मला बरं वाटलं होतं. हे मी कुणाला बोललेलो नाही.

गेल्या मंगळवारी दुसरं कडवं न तुटता पार झालं. वहीत नोंद केली. जिन्यात शिंपीणबाई म्हणाली, "काका, आज वहिनींचं गाणं होतं ना?" मी वर येऊन हे पत्र लिहायला घेतलं. तू ये आणि बॅगपाइप घेऊन जा, मी आता 'बघू' म्हणणार नाही. बँडवाल्यांना बजाव की उन्हात वाळवू नका. फक्त नेण्याआधी दहा मिनिटं पुढच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बस. मी मागच्या खोलीत वाजवीन. दार उघडंच ठेवीन.

वाट पाहणारा, तुझाच
बाबा